सर्व्हरवर फोल्डरांची उतरंड स्क्रिप्टने रचताना

एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात समोरच्या संस्थेकडून मेल आली. आम्ही त्यांना रोज रात्री विभागवार अहवाल पाठवतो. तोवर सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये जाऊन पडत. त्या फोल्डरची नुसती यादी उघडायलाही वेळ लागू लागला होता, म्हणून त्यांनी नवा नियम काढला: १ जुलैपासून प्रत्येक फाइल विभाग, वर्ष, महिना आणि दिवस अशा चार पातळ्यांच्या फोल्डरमध्ये आली पाहिजे, आणि फोल्डर पाठवणाऱ्यानेच तयार करायचे. मेलच्या शेवटी आणखी एक ओळ होती. त्याच तारखेपासून एफटीपी बंद, फक्त एसएफटीपी. एफटीपी ही फाइल पाठवायची जुनी पद्धत, एसएफटीपी एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या मशीनशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीवरून चालते.

काम माझ्याकडे आलं. आपल्या मशीनवर हे एका ओळीचं काम आहे: एमकेडिर मायनस पी आणि पुढे पूर्ण पत्ता. मधले फोल्डर नसतील तर ते बनतात, असतील तर कमांड गप्प बसते. दूरच्या सर्व्हरवर मात्र ही सोय गृहीत धरता येत नाही आणि तिथेच बहुतेकांचे तास जातात. कुणाला हे काम नव्याने करायचं असेल तर अंधारात चाचपडावं लागू नये, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. कमांड बोलतो तशा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

सुरुवातीला जुनी स्क्रिप्ट नीट वाचून काढली. एफटीपी क्लायंटला, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या आपल्याकडच्या प्रोग्रॅमला, हिअर-डॉक्युमेंटमधून (स्क्रिप्टमध्येच लिहिलेल्या मजकुरातून) चार ओळी देणारी, बऱ्याच वर्षांपूर्वीची स्क्रिप्ट. एफटीपीचा मूळ दस्तऐवज, आरएफसी ९५९, ऑक्टोबर १९८५ चा आहे. फोल्डर बनवायची एमकेडी ही आज्ञा त्यात आहे. फोल्डर बनला तर सर्व्हर २५७ हा आकडा परत करतो. नाही बनला तर बहुतेक सर्व्हर ५५० देतात, आणि गोची त्या ५५० मध्येच आहे. वरचा फोल्डर नाही म्हणून ५५०, परवानगी नाही म्हणून ५५०, आणि फोल्डर आधीच आहे म्हणूनही ५५०. दस्तऐवजाच्या परिशिष्टातल्या उदाहरणात ‘आधीच आहे’साठी ५२१ दाखवला आहे, पण प्रत्यक्षात ५५० च समोर येतो. सोबतचं वाक्य प्रत्येक सर्व्हर आपापल्या शब्दांत लिहितो, त्यामुळे वाक्य पाहून निर्णय घेणारी स्क्रिप्ट सर्व्हर बदलला की कोलमडते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. साध्या एफटीपी क्लायंटला आतल्या आज्ञा फसल्या तरी सहसा त्याचं काही वाटत नाही. तो शेवटी शून्यच, म्हणजे ‘काम झालं’ असाच आकडा, परत करतो. म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनच्या लेखी रोज सगळं आलबेल. एकच फोल्डर होता तोवर हे खपून गेलं. चार पातळ्या आल्यावर दर महिन्याच्या एक तारखेला वरची पातळी नवी असणार, आणि नेमक्या त्या दिवशी फाइल कुठेतरी भलतीकडे पडली असती किंवा पडलीच नसती. एफटीपी बंद होतंय याचं मला त्या दिवशी बरंच वाटलं.

मग कागदपत्रं. एसएफटीपीसाठी नवं खातं हवं, त्यासाठी त्यांचा अर्ज. त्यात आमच्या सर्व्हरचा बाहेरून दिसणारा आयपी पत्ता, सार्वजनिक किल्ली, जबाबदार व्यक्तीची सही आणि आमच्या सुरक्षा विभागाची मंजुरी. किल्ली एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ प्रकारची बनवली. अर्जासोबत फक्त डॉट पब फाइल जोडायची, दुसरी, खासगी किल्लीची फाइल कुणी कितीही आग्रहाने मागितली तरी द्यायची नाही. आयपी पत्ता देताना राखीव सर्व्हरचाही पत्ता त्याच अर्जात लिहून टाका. नंतर तो वाढवायचा म्हटलं तर सगळी साखळी पुन्हा सुरू होते. आमच्या अर्जाला मंजुऱ्या मिळेपर्यंत मे महिना अर्धा सरला, आणि त्यांच्या फायरवॉलमध्ये नोंद व्हायला त्यापुढे आणखी आठवडाभर गेला. या वाटेवर पैशाचा खर्च काहीच नव्हता, वापरलेली सगळी साधनं मोफत आहेत. पण वेळेचा हिशोब करताना मंजुऱ्यांचा काळ कामाच्या काळापेक्षा मोठा धरा.

थांबण्याच्या त्या दिवसांत मी आमच्याच एका रिकाम्या मशीनवर तसाच एसएफटीपी सर्व्हर उभा केला. एसएसएचच्या सेटिंगमध्ये फोर्स-कमांड म्हणून इंटर्नल-एसएफटीपी (खात्याला फक्त एसएफटीपीच देणारी सेवा) आणि क्रूट-डिरेक्टरी (खात्याला एकाच फोल्डरच्या आत कोंडणारी सेटिंग) लावली की समोरच्यासारखंच बंदिस्त खातं मिळतं. हे सगळ्यांनी करावं असं मी अगदी कळकळीने सांगेन. दुसऱ्याच्या सर्व्हरवर प्रयोग करताना हात आखडतो. आपल्या मशीनवर फोल्डर मोडून पुन्हा रचता येतात, परवानग्या काढून काय होतं ते पाहता येतं.

खातं सुरू झालं आणि पहिल्यांदा लॉगिन केलं. पीडब्ल्यूडी, म्हणजे ‘मी कुठे आहे’ ही आज्ञा, दिल्यावर उत्तर आलं नुसती एक तिरकी रेघ, म्हणजे आपण मुळाशी आहोत. तिथे फोल्डर बनवायला गेलं की ‘परमिशन डिनाइड’. घाबरायचं कारण नाही. क्रूट केलेल्या खात्याचं मूळ फोल्डर रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या मालकीचं असावं लागतं आणि इतर कुणाला त्यात लिहिता येऊ नये, ही ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरचीच अट आहे. लिहायची जागा त्याच्या आत वेगळी करून दिलेली असते. आमच्यासाठी ‘आवक’ नावाचा फोल्डर होता. हा तपशील अर्जात कुठेच नव्हता, विचारल्यावर कळला. तुम्ही आधीच विचारा: ‘लॉगिन केल्यावर आम्हाला कोणत्या फोल्डरमध्ये लिहिता येईल?’

एसएसएचवरून थेट एमकेडिर मायनस पी चालवता येतं का, तेही पाहिलं. पूर्ण शेल, म्हणजे हवी ती कमांड चालवायची मुभा, मिळणारं खातं असेल तर हाच सर्वांत सरळ मार्ग आहे, पुढचं काही वाचायचीही गरज नाही. आमच्या खात्यावर उत्तर आलं की ही सेवा फक्त एसएफटीपी जोडणीसाठी आहे. दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरवर बहुधा हेच उत्तर मिळतं आणि ते योग्यही आहे.

मग एसएफटीपीच्या आत. एमकेडिर मायनस पी लिहिलं की तो म्हणतो, पी हा पर्याय चालत नाही. पी काढून पूर्ण पत्ता दिला की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. कारण प्रोटोकॉलमध्येच आहे. ओपनएसएसएच एसएफटीपीची तिसरी आवृत्ती बोलतो, २००१ च्या मसुद्यातली. तिच्यात फोल्डर बनवायची विनंती एका वेळी एकाच फोल्डरची असते, मधल्या पातळ्या आपोआप रचायची तरतूद नाही. म्हणजे वरून खाली एकेक पातळी आपणच बनवायची: आधी विभाग, मग त्यात वर्ष, मग महिना, मग दिवस.

पहिल्या दिवशी हे सुरळीत चालतं. दुसऱ्या दिवशी विभाग, वर्ष आणि महिना आधीच असतात आणि एमकेडिरला उत्तर मिळतं नुसतं ‘फेल्युअर’. कशामुळे, ते नाही. तिसऱ्या आवृत्तीत ‘फाइल सापडली नाही’ याला २ आणि ‘परवानगी नाही’ याला ३ असे वेगळे क्रमांक आहेत, पण ‘आधीच आहे’ याला स्वतंत्र क्रमांकच नाही. तो सर्वसाधारण अपयशाच्या ४ मध्ये ढकलला जातो. पुढच्या मसुद्यांत ११ हा क्रमांक त्यासाठी आला, पण आपल्याला रोज भेटणारे सर्व्हर अजून जुन्याच आवृत्तीवर आहेत.

बॅच पद्धतीत, म्हणजे मायनस बी देऊन आज्ञांची फाइल चालवताना, एमकेडिर फसला की एसएफटीपी तिथेच थांबतो. फाइल चढवणारी पुढची पुट ही आज्ञा चालतच नाही. यावरचा उपाय मॅन्युअलमध्ये एका वाक्यात आहे आणि तो नजरेतून सहज निसटतो: आज्ञेच्या आधी एक आडवी रेघ लावली तर ती आज्ञा फसली तरी काम पुढे चालू राहतं. सगळीकडे ही रेघ लावून मोकळं व्हायचा मोह होतो. पण तसं केलं तर खरी अडचणही गिळली जाते. परवानगी गेली असेल, किंवा महिन्याच्या ०७ या फोल्डरच्या जागी कुणी ०७ नावाची फाइल टाकून ठेवली असेल, तरी स्क्रिप्ट हसतमुखाने पुढे जाईल.

इथे बराच विचार केल्यावर मला जे सापडलं, त्यावर माझी आजही पूर्ण भिस्त आहे. ‘फोल्डर आत्ता बनला का?’ हा प्रश्न सर्व्हरला विचारायचाच नाही, कारण त्याचं भरवशाचं उत्तर त्याच्याकडे नाही. ‘फोल्डर आहे का?’ एवढंच विचारायचं. सीडी ही आज्ञा नेमकं तेच तपासते: पत्ता अस्तित्वात आहे का आणि तो खरंच फोल्डर आहे का. म्हणून एमकेडिरच्या सगळ्या ओळींना रेघ, आणि सीडीपासून पुढे एकाही ओळीला रेघ नाही. आमची १ जुलैची विक्री विभागाची बॅच फाइल अशी होती:

-एमकेडिर आवक/विक्री
-एमकेडिर आवक/विक्री/२०२५
-एमकेडिर आवक/विक्री/२०२५/०७
-एमकेडिर आवक/विक्री/२०२५/०७/०१
सीडी आवक/विक्री/२०२५/०७/०१
पुट अहवाल.सीएसव्ही अहवाल.टीएमपी
रिनेम अहवाल.टीएमपी अहवाल.सीएसव्ही
बाय

‘आवक’साठी एमकेडिर नाही हे लक्षात घ्या. तो त्यांनी दिलेला फोल्डर आहे, तो नसेल तर आपण तो बनवायला जाणं बरोबर नाही. सीडी फसला, पुट फसला किंवा रिनेम फसला की एसएफटीपी शून्याखेरीज आकडा देऊन बाहेर पडतो आणि क्रॉनला खरी बातमी कळते. लिहायची परवानगी आहे की नाही हे सीडीला कळत नाही, ते पुटला कळतं. म्हणून त्या दोन्ही ओळी रेघेविना हव्यात.

टीएमपी नावाने चढवून मग नाव बदलायचं, हा सल्ला समोरच्याच एका अनुभवी सहकाऱ्याने फोनवर दिला. त्यांची यंत्रणा डॉट सीएसव्ही दिसली की लगेच उचलते. अर्धवट चढलेली फाइल उचलली जाऊ नये म्हणून नाव शेवटी बदलायचं. एकाच फोल्डरमध्ये नाव बदलणं सर्व्हरवर एका झटक्यात होतं. ओपनएसएसएचच्या दोन्ही टोकांमध्ये जुनी फाइल असली तरी रिनेम तिच्यावर नवी बसवतो, त्यामुळे स्क्रिप्ट त्याच दिवशी पुन्हा चालवली तरी अडत नाही. रात्री जोडणी तुटली तर सकाळी निर्धास्तपणे पुन्हा चालवता येणं ही मोठी गोष्ट आहे. तिच्यासाठी थोडी जास्त मेहनत घ्यावीच.

ही बॅच फाइल बनवणारा शेलचा लूप लहानसा आहे, पण त्यात काटे आहेत. पत्ता तिरक्या रेघेवर तोडायचा, एकेक तुकडा घेऊन मागच्या पत्त्याला जोडायचा आणि प्रत्येक वेळी एक एमकेडिर ओळ छापायची. तोडण्यासाठी आयएफएसमध्ये, म्हणजे शब्द कुठे तोडायचे ते शेलला सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, तिरकी रेघ ठेवावी लागते. ती फक्त रीड आज्ञेपुरती ठेवा, नाहीतर उरलेल्या स्क्रिप्टमध्ये भलत्या जागी शब्द तुटतात. पत्ता तिरक्या रेघेने सुरू होत असेल तर पहिला तुकडा रिकामा येतो, तो वगळायचा. नावात जागा येण्याची शक्यता असेल तर बॅच फाइलमध्ये पत्त्याला दुहेरी अवतरणचिन्हं लावायची. आणि हिअर-डॉक्युमेंट वापरणार असाल तर सुरुवातीच्या ईओएफला अवतरणं लावू नका, लावली तर व्हेरिएबलची किंमत न जाता त्याचं नावच सर्व्हरवर जातं.

तारीख एकदाच घ्या. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत, आणि पुढे सगळीकडे तेच व्हेरिएबल. वर्षासाठी एकदा, महिन्यासाठी एकदा, दिवसासाठी एकदा अशी तीनदा तारीख विचारली आणि मध्ये बारा वाजले, तर जुन्या महिन्यात नवा दिवस असा पत्ता तयार होतो. रात्री चालणाऱ्या कामात हा धोका खरा आहे. शिवाय तारीख कुणाच्या घड्याळाची धरायची हे समोरच्यांशी लेखी ठरवून घ्या. त्यांचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, होता, पण अहवालाची तारीख आमची धरायची असं ठरलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात विभागांच्या नावांची यादी आली, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. चाचणी सर्व्हरवर स्क्रिप्ट चालवली तर विक्री विभागाचे दोन फोल्डर दिसू लागले, एक मी हाताने बनवलेला आणि एक स्क्रिप्टने. नावं पाहायला सारखीच. बॅच फाइल कॅट मायनस कॅपिटल ए लावून पाहिली, आणि विभागाच्या नावाला चिकटून टोपीची खूण आणि एम दिसलं. यादी विंडोजवर जतन झाली होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं अक्षर होतं. ते फोल्डरच्या नावात गेलं होतं. लिनक्सला त्याचं वावडं नाही, नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही चालतं. तेव्हापासून यादी वाचताना टीआर मायनस डी लावून ते अक्षर काढून टाकते. शिवाय नाव अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि अधोरेखा यांपलीकडचं असेल तर स्क्रिप्ट सर्व्हरकडे जायच्या आधीच थांबते. हे अक्षर खऱ्या सर्व्हरवर गेलं असतं तर तो फोल्डर काढून टाकायला पुन्हा त्यांचीच मदत मागावी लागली असती.

दुसऱ्या वाटाही तपासल्या, कारण तुमची परिस्थिती वेगळी असू शकते. एलएफटीपी या दुसऱ्या क्लायंटमध्ये एमकेडिर मायनस पी सरळ चालतं, एफटीपीवरही आणि एसएफटीपीवरही. तो बसवायची मुभा असेल तर वरचा लूप लिहायचीच गरज नाही. फक्त त्यात सीएमडी फेल-एग्झिट ही सेटिंग चालू करा, नाहीतर आज्ञा फसल्यावरही तो पुढे जात राहतो. आमच्या सर्व्हरवर नवं सॉफ्टवेअर टाकायला वेगळी मंजुरी लागते, म्हणून मी तो सोडला. एखाद्याच फाइलसाठी कर्ल हा प्रोग्रॅम सुरेख आहे: एफटीपी-क्रिएट-डिर्स हा पर्याय दिला की तो मधले फोल्डर स्वतः बनवतो. नावात एफटीपी असलं तरी एसएफटीपीलाही तो लागू आहे. एफटीपीवर तो नेमकं काय करतो ते मायनस व्ही (सगळा संवाद दाखवणारा पर्याय) लावून पाहण्यासारखं आहे. एकेका पातळीत शिरायचा प्रयत्न करतो, शिरता आलं नाही तर एमकेडी पाठवतो आणि पुन्हा शिरून बघतो. हातानं लिहिलेल्या लूपमागे जो विचार आहे, तोच.

दोन मशीनवरचे फोल्डर जुळवणाऱ्या आरसिंकमध्ये ३.२.३ या आवृत्तीपासून एमकेपाथ हा मधल्या पातळ्या बनवणारा पर्याय आला. त्याआधीचा आरसिंक फक्त शेवटची एक पातळी बनवत असे. जुनी आवृत्ती असेल तर कॅपिटल आर, म्हणजे रिलेटिव्ह, वापरून स्थानिक फोल्डरांची रचनाच पलीकडे नेता येते. पण आरसिंकला पलीकडेही आरसिंक लागतो, बंदिस्त एसएफटीपी खात्यावर तो चालत नाही.

जूनच्या शेवटी खऱ्या सर्व्हरवर तालीम घेतली. तारखेचं व्हेरिएबल बाहेरून देता येईल अशी सोय आधीच ठेवली होती, म्हणून महिना बदलतानाचा, वर्ष बदलतानाचा आणि २९ फेब्रुवारीचा दिवस मुद्दाम चालवून पाहता आला. सगळे विभाग एकाच वेळी सुरू करूनही पाहिलं. पुढेमागे दोन कामं एकाच विभागात लिहू लागली तर दोघंही तोच महिना बनवायला धावतात, एकाला जमतं आणि दुसऱ्याला ‘फेल्युअर’ मिळतं. ‘आधी आहे का बघ, नसेल तरच बनव’ असं लिहिलं असतं तर बघणं आणि बनवणं यांच्या मधल्या क्षणात घोटाळा झाला असता. रेघेमुळे दोघंही सीडीपर्यंत सुखरूप पोचतात.

तालीम क्रॉनच्याच वापरकर्त्याने घ्यायची, हे विसरू नका. त्याचं होम वेगळं, नोन-होस्ट्स, म्हणजे ओळखीच्या सर्व्हरांची यादी, वेगळी. बॅच पद्धतीत एसएफटीपी पासवर्डही विचारत नाही आणि नव्या सर्व्हरवर विश्वास ठेवू का असंही विचारत नाही, सरळ अपयशी होतो. सर्व्हरच्या किल्लीचा ठसा त्यांच्याकडून फोनवर पडताळून घेतला आणि मगच नोंद केली.

१ जुलैच्या रात्री मी जागीच होते. लॉगमध्ये प्रत्येक विभागाचा शून्य आकडा ओळीने येताना पाहिला आणि खांद्यावरचं ओझं उतरलं. सकाळी मात्र समोरून मेल आली की फायली पोचल्या, पण त्यांच्या यंत्रणेला नव्या फोल्डरांमध्ये शिरता येत नाही. एसएफटीपी क्लायंट फोल्डर बनवताना पूर्ण परवानग्या मागतो, त्यांतल्या किती द्यायच्या ते सर्व्हरचा युमास्क ठरवतो. त्यांच्याकडे तो गटाला काहीच न देणारा होता. आमच्या बाजूने दर वेळी सीएचमॉड, म्हणजे परवानग्यांत बदल, करता आलं असतं, पण नियम त्यांच्या घरचा आहे, तो तिथेच सुटणं चांगलं. इंटर्नल-एसएफटीपीला मायनस यू देऊन युमास्क ठरवता येतो, हे कळवल्यावर त्यांनी त्याच दुपारी बदल केला. आधी बनलेल्या फोल्डरांचं सीएचमॉड मात्र आम्हीच केलं, कारण मालकी आमची होती. अर्जाच्या वेळी विचारायच्या प्रश्नांत हाही घाला: बनवलेल्या फोल्डरांच्या परवानग्या काय असाव्यात आणि त्या कोण लावणार.

एक दुरुस्ती ऑगस्टमध्ये केली. सुटीच्या दिवशी अहवाल तयार होत नाही, पण स्क्रिप्ट फोल्डर आधी बनवत असल्यामुळे त्या तारखांचे रिकामे फोल्डर साचू लागले होते आणि समोरची यंत्रणा त्यांना ‘फाइल हरवली’ असं समजत होती. आता फाइल आहे का आणि ती रिकामी नाही ना, हे आपल्या मशीनवर पाहूनच बॅच फाइल लिहिली जाते. आधीचे रिकामे फोल्डर आरएमडिरने काढले. तो भरलेला फोल्डर काढतच नाही, त्यामुळे हे काम बिनधास्त करता आलं.